आक्कांनी आवरलेली खोली

गाडीत दोन आया होत्या, आणि हाक मारताना गोंधळ नको म्हणून लेकीने सोपी वाट काढली होती. सासूला ‘अहो आई’ आणि जन्मदात्रीला ‘अगं आई’. यातल्या ‘अगं’वाल्या आई म्हणजे आपल्या आक्का. हे नाव त्यांना घरच्यांनी दिलेलं नव्हतं. हमरस्त्यावरच्या ज्या लॉजवर त्यांनी एकतीस वर्षं खोल्या आवरल्या, तिथे मालकापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना आक्का म्हणायचे. नोकरी सुटली तरी नाव काही सुटलं नाही.

‘अहो’वाल्या आई म्हणजे विहीणबाई. सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. दुकानाची पाटी असो की औषधाची बाटली, जिथे अक्षर दिसेल तिथे त्या चूक शोधायच्या, आणि सापडली की त्यांचा तो दिवस चांगला जायचा. बाई मनाने वाईट नव्हत्या. पण समोरचा माणूस त्यांच्यापुढे आपोआप सरळ बसून बोलायचा, एवढं खरं.

लेकही तशीच सरळ बसली होती, लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा. आई काय करते, असं विहीणबाईंनी विचारलं आणि लेक बोलून गेली की आई हॉटेलच्या ऑफिसात आहे. एकच वाक्य, तेही घाईघाईत. पण असं वाक्य एकदा तोंडातून निघालं की ते सांभाळत बसावं लागतं, आणि लेक ते चार वर्षं सांभाळत होती. जावईबापूंना खरं काय ते ठाऊक होतं. मात्र आई आणि बायको यांच्या मध्ये बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि शाळेत गणित शिकवत असल्यामुळे ते नियमाला पक्के होते.

विहीणबाईंच्या धाकट्या लेकीला बाळ झालं होतं. तिचं गाव तीन दिवसांच्या वाटेवर, म्हणजे रस्त्यात दोन मुक्काम. चौघांनी गाडीनेच जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी लेक आक्कांकडे आली, सामान बघितलं, नसलेली धूळ झटकली आणि शेवटी मुद्द्यावर आली. वाटेत लॉजवर राहावं लागेल. तिथे खोल्यांचा विषय तेवढा काढू नकोस.

आक्का बरं म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं, आणि चांगलंच वाटलं. त्यांना स्वतःच्या कामाची कधी लाज वाटली नव्हती. उलट, त्यांनी आवरलेल्या खोलीत पाऊल टाकलं की माणूस आधी थांबायचा आणि मग हळूच आपली पिशवी खाली ठेवायचा, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. एवढा मान कुणाच्या ऑफिसला मिळतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पण लेकीचा संसार लेकीचा, म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

पहिला मुक्काम जावईबापूंनी फोनवर शोधला होता. साडेचार चांदण्या, खिशाला परवडणारा आणि शिवाय पोहण्याचा तलाव. प्रत्यक्षात तलाव शेजारच्या हॉटेलचा निघाला. फोटोत मैदानाएवढी दिसणारी खोली अशी होती की दार पूर्ण उघडायचं म्हटलं तर ते पलंगाला आपटायचं. उंबऱ्यातच आक्कांच्या नाकाने सगळं ओळखलं. वासाचा फवारा इतका दाट मारला होता की त्याच्याखाली ओल दडली आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. चादरीच्या मधोमध कुणाच्या तरी पाठीच्या सुरकुत्या होत्या. आक्कांनी चादर बदलून मागू या का, एवढंच विचारलं. लेकीने डोळे मोठे केले, आणि आक्का मूग गिळून गप्प बसल्या.

सकाळी विहीणबाईंच्या दोन्ही हातांवर गांधी उठल्या होत्या. ढेकणांनी त्यांना मनसोक्त तपासलं होतं. आक्का स्वतः डोकं दुखत असल्याचं सांगून खुर्चीतच झोपल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या अंगाला काही लागलं नव्हतं, आणि याचीच त्यांना जास्त टोचणी लागली. एका शब्दासाठी आपण एका म्हाताऱ्या बाईला ढेकणांच्या तोंडी दिलं. गाडीत विहीणबाई कराकरा खाजवत होत्या आणि प्रत्येक कराकराला आक्कांचं काळीज चरकत होतं. दुपार होईपर्यंत त्यांचा निश्चय झाला. विषय काढणार नाही, पण खोली मात्र मीच बघणार.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला एका फाट्यावर पेट्रोल पंप लागला, आणि त्याच्या पुढे रांगेत तीन लॉज. जावईबापूंनी गाडी कडेला घेऊन पुन्हा चांदण्या मोजायला फोन काढला.

“फोन ठेवा खिशात,” आक्का म्हणाल्या. “मी बघून येते.”

त्यांचा आवाज असा काही निघाला की जावईबापूंनी फोन खरंच खिशात ठेवला. विहीणबाई तर लगेच उतरल्या. ढेकणांनी दुखावलेल्या माणसाला खोली बघायला कोण अडवणार? दोघी आयांपैकी कुणाच्या तोंडून काय निघून जाईल या धास्तीने लेकही मागोमाग निघाली.

पहिल्या लॉजला काचेचं दार होतं आणि दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या. आक्का दाराकडे वळल्याच नाहीत. त्या इमारतीला वळसा घालून मागे गेल्या. मागे फरशी पुसायचं फडकं काळ्या पाण्याच्या बादलीत तोंड खुपसून पडलं होतं. आक्का तिथूनच परतल्या. ज्या फडक्याने फरशी पुसायची तेच रात्रंदिवस घाणीत भिजत असेल, तर फरशी पुसली काय आणि न पुसली काय. दुसऱ्या लॉजचा माणूस आधी नाव लिहा, मग खोली दाखवतो म्हणाला. आक्कांनी त्याला गोड हसून नमस्कार केला. खोली दाखवायला जो कां कूं करतो, त्याची खोली बघायचीही गरज नसते.

तिसऱ्या लॉजच्या पाटीवरची दोन अक्षरं गळून पडली होती. विहीणबाईंनी लगेच नाक मुरडलं. पण मागच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या, कडेला कड जुळवून, चिमटे एका रेषेत. दोन-तीन चादरींना ठिगळं होती, पण ठिगळंसुद्धा पांढरी होती. फडकी पिळून खुंटीला टांगलेली, झाडू उलटा उभा. आक्का त्या दोरीसमोर क्षणभर थांबल्या. परक्या गावात अचानक आपल्या नात्यातलं कुणी भेटावं तसं त्यांना झालं.

आत खोलीत त्यांनी गादीचा कोपरा उचलून शिवण निरखली. उशीचा अभ्रा काढून उशीच हुंगली. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. मग न्हाणीत जाऊन बादलीभर पाणी जमिनीवर ओतलं आणि ते जाळीतून जाईपर्यंत बघत उभ्या राहिल्या. विहीणबाई त्यांच्या खांद्यावरून डोकावत होत्या. पाणी का ओतलं, असं त्यांनी विचारलं. तुंबलं तर समजायचं की जाळी महिन्यात उचललेली नाही, आणि जाळीखाली जे साठतं तेच रात्री खोलीत चालत येतं, आक्कांनी सांगितलं. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर निखळ कौतुक उमटलं. आपल्यासारखाच चूक शोधणारा माणूस त्यांना क्वचितच भेटायचा.

“हे सगळं ऑफिसात बसून शिकलात, विहीणबाई?” त्यांनी विचारलं.

आक्कांनी तोंड उघडायच्या आत लेक मध्ये पडली. ऑफिसातल्यांनाच तर सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं ना, अहो आई. बोलताना तिने आक्कांकडे पाहिलं नाही. आक्का बोट पुसत राहिल्या. गेल्या अर्ध्या तासात त्या कितीतरी दिवसांनी पुन्हा स्वतःसारख्या वागल्या होत्या, आणि आता कुणीतरी अंगावरची शाल काढून घ्यावी तसं त्यांना वाटलं. इथेच राहू या, एवढंच त्या म्हणाल्या.

मुक्काम उत्तम झाला. दोन खोल्या घेतल्या होत्या, एक जोडप्याला आणि एक दोघी विहिणींना. विहीणबाई पडल्या पडल्या घोरायला लागल्या ते उजाडल्यावरच थांबल्या. सकाळी त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, एकही नवी गांध नाही. चहाला खाली जाताना त्यांनी आक्कांना सांगितलं की तुमच्या हाताखाली ज्यांनी काम केलं असेल त्यांचं भाग्य. बिचाऱ्या मनापासून म्हणाल्या, पण आक्कांना ते मिठासारखं झोंबलं.

सगळे खाली गेले आणि आक्का खोलीत एकट्या राहिल्या. पिशवी भरून झाली, चप्पल घातली, पण पाय निघेना. पलंग विस्कटलेला होता. आक्कांनी आयुष्यात विस्कटलेल्या पलंगाकडे पाठ करून दार ओढून घेतलं नव्हतं. त्यांचे हात आपोआप पुढे झाले. आधी चादर पायथ्याशी गादीखाली सारली. मग कोपऱ्यापासून हातभर अंतरावर कड उचलून पलंगावर ठेवली, लोंबणारं टोक आत ढकललं, वरची कड खाली सोडली आणि तळहाताने दाबली. पाकिटाच्या तोंडासारखी तिरकी घडी बसली. असे चारही कोपरे. वर पांघरायची चादर ताणून, उशा फुगवून, न्हाणीघर पुसून, टॉवेलची घडी दांडीवर. चार मिनिटंही लागली नाहीत. काउंटरवर किल्ली देऊन त्या चहाला येऊन बसल्या, तेव्हा त्यांना पहाटे आंघोळ झाल्यासारखं हलकं वाटत होतं.

दुसरा चहा येईपर्यंत जिन्यावरून एक गृहस्थ दणदण उतरले. नुकतेच आले होते. रात्रभर गाडी चालवून थकलेले, अंग टाकायला खोली मागितलेली. त्यांनी चिमटीत काहीतरी धरलं होतं आणि ते त्यांनी काउंटरवर मालकांच्या नाकासमोर ठेवलं. तो एक लोकरीचा पायमोजा होता. पांघरुणात पाय घातला तर पायाला हा लागला, उशीला कुणाच्या तरी गुडघ्याच्या मलमाचा वास येतोय, वापरलेल्या चादरीवर मला झोपवता का, असं त्यांनी सगळ्या चहावाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

विहीणबाईंनी टेबलाखाली आपले पाय खुर्चीच्या मागे सरकवले.

आक्कांच्या हातातली बशी तिथेच राहिली. काय झालं ते त्यांना एका क्षणात कळलं. जगातल्या कुठल्याही लॉजवर खूण एकच असते. चादर काढलेली असेल तर खोली आवरायची आहे. चादर घातलेली असेल तर खोली तयार आहे. आवरणारी बाई दार ढकलते, पलंग बघते आणि पुढे जाते. आक्कांनी स्वतः एकतीस वर्षं हेच केलं होतं, आणि आज पाहुणी म्हणून राहिल्यावर नेमकं हेच विसरल्या होत्या.

मालकांनी खोल्या आवरणाऱ्या बाईला बोलावलं. चाळिशीची, किरकोळ अंगाची, ओल्या हातांनीच आली. तिने सांगायचा प्रयत्न केला की पलंग लावलेला होता, न्हाणी पुसलेली होती, जोडीदारणीने खोली केली असं तिला वाटलं. कोपरे तरी बघा साहेब, असं ती दोनदा म्हणाली. मालक वर जाऊन बघून आले, पण काही ऐकून घ्यायला तयार नव्हते. त्यांच्या लॉजला पाटी धड नव्हती, कुंड्या नव्हत्या, चांदण्या नव्हत्या. लोक यायचे ते स्वच्छ चादरीसाठी, आणि तिचीच अब्रू आज चारचौघांत गेली होती. उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी तिला सांगितलं. बाई रडली नाही. तिने फक्त पदराला हात पुसले आणि पुसतच राहिली.

आक्कांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने आधीच त्यांच्याकडे पाहिलं होतं. तिलाही कळलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आई, नको. चार वर्षं जपलेलं वाक्य, समोर बसलेली सासू, आणि चूक दिसली की न सोडणारी तिची नजर. आक्कांना लेकीची कीव आली. पण पुसून पुसून कोरडे झालेले ते हात त्यांना बघवेनात. आपल्या लेकीची मान खाली जाईल म्हणून दुसऱ्या कुणाची नोकरी जाऊ द्यायची, एवढी ताकद आक्कांच्यात नव्हती. त्या उठल्या.

“मालक, बाईंची काही चूक नाही. तो पलंग मी लावला.”

मालक थकल्यासारखे हसले. “काकू, दया येते म्हणून काहीतरी बोलू नका. आत्ताच वर जाऊन आलो मी. पाहुण्याने ओढलेली चादर मला कळते. ते कोपरे धंद्यातल्या माणसाचे आहेत.”

“धंद्यातलीच आहे मी,” आक्का म्हणाल्या. “एकतीस वर्षं लॉजच्या खोल्या आवरल्या. दिवसाला अठरा. एकाही पाहुण्याची तक्रार नाही. आज पहिली आली, आणि ती माझ्या नावावर लिहा. जाताना चादर काढून ठेवायची असते हे मला कळायला हवं होतं.”

बोलताना त्यांची मान ताठ होती. आवाज थोडा कापला, पण तो लेकीच्या विचाराने, कामाच्या लाजेने नव्हे. मागे वळून बघायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

मागून विहीणबाईंचा बारीक आवाज आला. “मोजा माझा आहे.”

मालकांची समजूत एवढ्याने पटली नसती, पण आक्का थांबल्याच नाहीत. त्यांनी बाईकडून धुतलेल्या चादरी मागून घेतल्या आणि जिना चढायला लागल्या. त्यांच्यामागे ती बाई, मालक, तक्रारवाले गृहस्थ आणि मग चहा अर्धवट टाकून आपली माणसं, अशी सगळी वरात खोलीत आली. आक्कांनी जुनी चादर एका हिसक्यात उतरवली. नवी चादर झटकली, ती हवेत फुगली आणि गादीवर येऊन बसली. पलंग मोठा होता, दोन माणसांचा. पलीकडची बाजू धरायला ती बाई पुढे झाली.

तेवढ्यात लेकीने खांद्यावरची पर्स काढून जावईबापूंच्या हातात दिली. बाईच्या दंडाला धरून तिला हळूच बाजूला केलं, आणि स्वतः चादरीचं दुसरं टोक हातात घेतलं.

लेकीने पायथा आत सारला, कड उचलली, टोक ढकललं. प्रयोगशाळेत दिवसभर काचेच्या नळ्या हाताळणारे हात ते. ते कुठेही अडखळले नाहीत. आक्का बघत राहिल्या. शाळा सुटली की ही पोर दप्तर जिन्याखाली टाकून वर यायची आणि पलीकडची बाजू धरायची. पाढे म्हणत म्हणत दोघींनी किती पलंग लावले असतील, देव जाणे. आपण विसरलो नव्हतो, पण ही विसरली असेल असं धरून चाललो होतो.

“अहो आई,” लेक चादरीवरची नजर न काढता म्हणाली, “मी तुमच्याशी खोटं बोलले. आई ऑफिसात नव्हती. ती खोल्या आवरायची. माझं शिक्षण याच्यावर झालं. मीही हेच करत वाढले.”

विहीणबाई दारात उभ्या होत्या, एका पायात मोजा, दुसरा उघडा. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, मग आक्कांकडे. त्यांचा चेहरा काल न्हाणीत होता तसाच होता, पाणी जाताना बघणारा.

“तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या,” त्या म्हणाल्या, “आणि घरातली दिसली नाही. सूनबाई, यात चुकीचा शब्द एकच आहे. ऑफिस. तेवढा खोडा, बाकीचं सगळं बरोबर आहे.”

जावईबापूंनी पर्स छातीशी धरून एक मोठा श्वास सोडला. मालक वाकून कोपरा बघत होते, त्यावरून बोट फिरवत होते, आणि मग त्यांनी त्या बाईला दुसऱ्या खोल्या बघायला जा म्हणून सांगितलं, नेहमीच्या आवाजात, जसं काही झालंच नव्हतं. बाई निघाली खरी, पण दारातच रेंगाळली. तिला बघायचं होतं.

शेवटचे दोन कोपरे राहिले होते. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यामुळे त्यांना कड नीट दिसत नव्हती, पण हातांना डोळे लागत नाहीत अशी त्यांची खात्री होती. त्यांनी कोपरा बसवला आणि तळहाताने दाबला. पलीकडून लेकीनेही दाबला. मग लेक एक पाऊल मागे सरकली, मान तिरकी केली आणि पलंगाची उजवी-डावी बाजू निरखून पाहिली.

“अगं आई,” ती म्हणाली, “तुझी बाजू ढिली आहे.”

एकतीस वर्षांत आक्कांना असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी डोळे पुसून पाहिलं. खरंच ढिली होती.